अप्पांनंतर पट्टा कोणाच्या दंडाला?

भूतखेत, करणीबिरणी... माझा कशावरच कधी विश्वास नव्हता. सोसायटीतल्या बायका दाराला लिंबू-मिरची बांधायला लागल्या की मी म्हणायचे, "अगं, त्यापेक्षा सरबत करा!" तरी हे लिहितेय, कारण घरात बोलायची सोय नाही.

आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कला राहतो. सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं हृदय आधीच कमजोर. गेल्या वर्षी त्यात ठोक्यांचा तालही बिघडला. काशीमीऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "पंप थकलाय, आणि वरचे कप्पे नुसते थरथरतायत. रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवायची नाही. गरज पडली तर शॉक देऊन ताल परत आणू."

घरी बीपीचं मशीन आलं. ठोके अनियमित असले की त्यावर छोटासा बदाम लुकलुकायचा. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे – आजाऱ्याला भेटायला आलेला प्रत्येक जण चहा संपला की बाही वर करतो, "माझंपण बघा ना जरा!" अप्पांना तर हुरूपच यायचा. आधी स्वतःचं बघायचे, मग पट्टा पाहुण्याच्या दंडाला.

एके दुपारी समोरच्या रमीलाबेन बिनमिठाचा ढोकळा घेऊन आल्या. अप्पांनी स्वतःचं बघितलं... बदाम गायब! "भाभी, देखो, मैं ठीक हो गया! अब आप हाथ दो." रमीलाबेनच्या वेळी मात्र बदाम लुकलुकला. रोज खाडीपर्यंत चालणारी धडधाकट बाई! ईसीजी काढला तर तोच आजार. अप्पांचा ताल एकदम सरळ. डॉक्टर म्हणाले, "या वयात होतं. योगायोग."

काही दिवसांनी त्या रिकामा डबा न्यायला आल्या. या वेळी पट्टा आधी त्यांनी बांधला, नंतर अप्पांनी. त्यांचा बदाम गेला, अप्पांचा आला. संध्याकाळपर्यंत अप्पांना आडवं पडून श्वास घेता येईना, पाय टम्म सुजले. रमीलाबेनचा ईसीजी मात्र स्वच्छ. पट्टा आधी बांधणाऱ्याचा बिघडलेला ताल नंतरच्याकडे जातोय, असं मला वाटायला लागलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आता तूपण लिंबू-मिरची बांध."

अप्पांना ॲडमिट करून शॉक दिला. ताल आला, ते घरी आले, पण चार दिवसांत बदाम परत लुकलुकायला लागला. भेटायला नणंद आली – शीतल, सातवा महिना. अप्पांनी हौसेने पट्टा बांधला. बदाम नाही. "शीतल, ये गं, आता तुझं बघू."

तिने बाही सारली आणि मी अक्षरशः मध्ये घुसले. "आधी माझं!"

"अगं, पोटुशी पोर आहे, तिचं बघू दे की."

"नाही अप्पा, माझंच!"

शीतल हसत होती. पट्टा आवळला, सुटला... आणि बदाम लुकलुकायला लागला. मी पट्टा ओरबाडून काढला आणि हातातून निसटल्यासारखं करून मशीन फरशीवर आपटलं.

माझं थायरॉइड नॉर्मल, हृदय दणकट. हे का झालं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही, मला तर नाहीच. गोळ्या चालू आहेत. रात्री छातीत काहीतरी फडफडतं तेव्हा खूप भीती वाटते. अप्पा मात्र रोज खाडीपर्यंत फिरून येतात. त्यांचं हृदय अजून कमजोरच आहे. पुन्हा ताल गेला तर ते झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

आज सकाळी फिरून येताना ते नवं मशीन घेऊन आले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "सूनबाई, तुझ्या काळजीने झोप लागत नाही गं. आता रोज आधी तुझं बघायचं, मग माझं."