तोंडपाठ बेट

नकाशेकाकांनी त्या बेटाचा नकाशा सव्वीस वर्षांत नऊ वेळा काढला, पण बेटावर एकदाही पाय ठेवला नाही. बेट ज्या राष्ट्रीय उद्यानात येतं त्याच्या कचेरीत काका नोकरीला; तिथले मोजणीवाले बोटीने जायचे, उन्हात रापून परतायचे आणि आकड्यांची वही काकांच्या टेबलावर आपटायचे. काका मान मोडून रेघा ओढायचे. झरा कुठे, कडा कुठे, पक्ष्यांची घरटी कुठल्या अंगाला, सगळं त्या माणसाच्या बोटांत होतं. डोळ्यांनी मात्र काही म्हणजे काही पाहिलेलं नाही!

निवृत्त झाल्यावर काकांनी सगळ्या घराला घेऊन जायचं ठरवलं. जे काय बघायचं ते यंदाच, कारण पुढच्या वर्षापासून बेट माणसांना कायमचं बंद होणार होतं. एका परवान्यावर आठ माणसं. काका-काकू, मुलगा-सून, लेक-जावई आणि दोन नातवंडं. बरोब्बर आठ! तिथे दुकान नाही, झऱ्याचं पाणी पक्ष्यांसाठी राखलेलं, त्यामुळे पिण्याचं पाणीही पाठीवर न्यायचं. म्हणून काका तीन महिने बाटल्यांनी भरलेली सॅक पाठीला लावून इमारतीचे चार जिने चढत-उतरत होते. शेजारी हसायचे. हसोत बापडे.

निघायला आठवडा राहिला आणि जावई म्हणाला, "बाबा, माझा धाकटा भाऊ हटून बसलाय. त्यालाही यायचंय."

"परवाना आठांचाच आहे हो," काका म्हणाले.

त्यावर मुलानेच तोंड उघडलं. "बाबा, तुम्हाला काय, बेट तोंडपाठ आहे. शिवाय तुमचे गुडघे."

गुडघे! तीन महिने जिने कोण चढत होतं, याचा बाप? काकांनी बायकोकडे पाहिलं.

"जावयांचं मन कसं मोडायचं?" काकू म्हणाल्या.

गेले बिचारे कचेरीत आणि स्वतःच्या हातांनी आपलं नाव खोडून आले. मग चार दिवस बसून त्यांनी दहावा नकाशा काढला, खास घरच्यांसाठी. झरा निळ्या शाईने, चढाची वाट लाल ठिपक्यांनी. नातवंडं दमली तर सावली कुठे मिळेल, तेही लिहिलं. गुंडाळी करून रबर लावलं आणि मुलाच्या हातात दिली.

मंडळी चौथ्या दिवशी परतली. बेल वाजायच्या आत काकांनी दार उघडलं. जावई आणि त्याचा भाऊ हातपाय धुवायला आत गेले.

"झरा पाहिलात?" काकांनी विचारलं.

"छे हो! धक्क्यावरच होतो," मुलगा बूट काढत म्हणाला. "भावोजींचा भाऊ पत्ते घेऊन आला होता, जाम धमाल आली. एवढं वर कोण चढतंय! बरं झालं तुम्ही आला नाहीत, बघण्यासारखं काही नाही तिथे."

त्याने सॅकमधून नकाशा काढून दिला. रबर तसंच होतं.

"मग माझी जागा कशाला घेतलीत रे?" काका ओरडले. असा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता.

"हळू बोला," काकू म्हणाल्या. "जावई आहेत आत."