चेंडू वाढणारे मास्तर

मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी स्क्वॉशच्या कोर्टात पालथा पडलो होतो. त्यांनी मारलेला चेंडू माझ्या पाठीत असा बसला की त्या आवाजाने म्हणे शेजारच्या खोलीत वजनं उचलणारी दोन माणसं वजनं टाकून पळाली. शिक्का इतका गोल उमटला होता की बायकोने तो बघायला माहेरची माणसं बोलावली. मास्तर वाकून एवढंच म्हणाले, "साहेब, मी मारत असताना पुढ्यात यायचं नसतं."

पुढे अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर आक्रमक फटके घोटवले. मास्तर क्लबच्या नोकरीत होते आणि त्यांचं काम म्हणजे मेंबरांना ताटात वाढावा तसा चेंडू वाढणं. मेंबराने तो पुढच्या भिंतीलगत अलगद टाकायचा, म्हणजे ड्रॉप मारायचा. मास्तरांनी धावत जाऊन तो उचलायचा आणि पुन्हा वाढायचा. दिवसाला सात मेंबर, प्रत्येकाचे शंभरेक चेंडू. माझे बहुतेक ड्रॉप भिंतीच्या तळाच्या पत्र्यावर आदळून बाद होत आणि भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखा आवाज होई. तरी मास्तर म्हणत, "छान. फक्त गुडघा वाकवा."

त्यांचा स्वतःचा गुडघा वाकत नव्हता. बावन्नाव्या वर्षी ते जिना खेकड्यासारखे आडवे उतरत.

मग नव्या सेक्रेटरींनी एक तरुण उमेदवार आणला. दोघांनी एक गेम खेळायचा, जिंकेल त्याची नोकरी. मास्तरांची धाकटी अजून कॉलेजात होती. त्यांची बायको नर्स, ती ड्यूटीवरून तशीच आली, त्यांच्या गुडघ्याला पट्टा आवळून बांधला आणि म्हणाली, "आज कुणाला शिकवायचं नाही. कळलं?"

मास्तरांनी मान डोलावली.

गेम अकरा गुणांचा. मास्तर फारसे न हलता आठ-तीनवर पोचले. तो तरुण घाईघाईने ताठ उभ्यानेच ड्रॉप मारी आणि चेंडू पत्र्यावर. लागोपाठ तीनदा. तिसऱ्यांदा मास्तरांच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा कळवळा दिसला. पुढचा चेंडू त्यांनी त्याच कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर, सावकाश वाढला आणि तोंडातून निघून गेलं, "गुडघा वाकव."

त्याने वाकवला. ड्रॉप इतका सुरेख पडला की मी टाळी वाजवली आणि मग वहिनींकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर मास्तर हात आवरायला बघत होते, पण सव्वीस वर्षं वाढत आलेला हात दमला की आपोआप वाढायलाच लागे. तरुण अकरा, मास्तर नऊ.

बाकावर बसून पट्टा सोडताना ते म्हणाले, "शेवटचे दोन चांगले मारले त्याने." वहिनींनी त्यांची पिशवी उचलली.

महिनाअखेर मास्तरांची नोकरी गेली. मला आता तो तरुण शिकवतो, मंगळवारी आणि शुक्रवारी, पाऊण तास.