सरांचं अडखळणं

सर रविवारी गेले. त्या दिवशी वर्ग होता. आम्ही अंबरनाथला बालवाडीच्या खोलीत अकरा वाजेपर्यंत त्यांची वाट पाहिली. मग त्यांचा पुतण्या आला आणि त्याने सांगितलं.

अंबरनाथ ते बदलापूर या पट्ट्यात जेवढी माणसं अडखळत बोलतात, त्यांतली निम्मी सरांनी बिघडवली, असं माझ्या वडिलांचं ठाम मत होतं. सर उल्हासनगरच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे आणि रविवारी आमच्यासारख्यांचा वर्ग घ्यायचे. माझं बोलणं सरळ व्हावं म्हणून वडिलांनी मला तिथे घातलं. पहिल्याच रविवारी सरांनी गृहपाठ दिला: रोज दहा वेळा अनोळखी माणसासमोर मुद्दाम अडखळायचं. हे ऐकून वडिलांचा घास हातातच राहिला. "अरे, हे तर याला घरबसल्या येत होतं! त्यासाठी प्रोफेसर कशाला?"

सरांची मोठी खोड म्हणजे थांबणं. समोरच्याचं वाक्य त्यांनी जन्मात कधी पुरं केलं नाही. कोणी शब्दावर अडला की ते हात मांडीवर ठेवून शांत बघत राहायचे, जणू त्यांना दिवसभरात दुसरं काम नाही. ही सवय इतकी मुरली होती की नीट बोलणाऱ्याचं वाक्य संपल्यावरही ते तसेच थांबायचे, अजून काही यायचं असेल म्हणून. त्या नजरेपुढे माणसं गडबडून नको ते बोलून जायची. एकदा त्यांचा दूधवाला म्हणाला, "आज दूध जरा पातळ आहे." सर थांबले. दूधवाल्याने पाय बदलला आणि म्हणाला, "म्हणजे… रोजच असतं तसं." कॉलेजात शिकवतानाही ते मधेच एखाद्या शब्दाआधी थांबत. हुशार मुलं त्या जागी वहीत टिंबं देत. सर शब्दावर अडतात, असं काहींचं म्हणणं होतं. तर्कशास्त्राला तेवढा वेळ लागतोच, असं बाकीच्यांचं.

आमच्यात मात्र सर उघडउघड अडखळायचे. खोलीत भिंतीवर अननस आणि आगगाडीची चित्रं, खाली वीतभर उंचीची बाकं. त्यांवर कारखान्यातले एक चाळिशीचे फिटर गुडघे हनुवटीला लावून बसायचे, आणि सर त्यांच्याच शेजारी, तसेच. सरांचं अडखळणं खरं की गृहपाठातलं, हे आम्ही कधी विचारलं नाही. आपल्यातलाच एक जण प्रोफेसर झाला, एवढं आम्हाला पुरत होतं. माझी तर सगळी हिंमत त्यावरच उभी होती.

गृहपाठासाठी ते आम्हाला उल्हासनगरच्या बाजारात पाठवत. तिथल्या एका सिंधी कापडवाल्याला सुरुवातीला वाटलं की ही सगळी माणसं एकाच घरातली आहेत. पुढे त्याला उलगडा झाला. मग आमच्यातलं कोणी पायरी चढलं की तो स्टूल पुढे सरकवायचा. "प्रोफेसर साब का आदमी? बैठो साईं. पहले पानी पियो, फिर आराम से अटको."

मी अडायचो तो 'ब'वर. राहायला बदलापूरला! अडणारा शब्द टाळून दुसरा घालायचा, ही आम्हा लोकांची जुनी युक्ती. पण गावाला दुसरा शब्द कुठून आणणार? म्हणून मी पुढच्या स्टेशनाचं, वांगणीचं तिकीट काढायचो आणि बदलापूरला उतरायचो. कित्येक वर्षं. एका रविवारी सरांनी माझ्या हातातलं ते पुठ्ठ्याचं तिकीट पाहिलं. "वांगणीला कोण असतं तुझं?" मी खाली बघितलं. पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर अंबरनाथच्या तिकीट खिडकीसमोर रांगेत उभे राहिले, माझ्या पुढे. त्यांची पाळी आली आणि ते 'ब'वर असे अडले की मी तसा कधी अडलो नसेन.

मागून आवाज सुरू झाले. "ओ काका, गाडी गेली की!" "अरे अंकल, जाना किधर है, हात से दिखाव ना!" कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी शब्द सोडला नाही. बदलापूर पुरं केलं, तिकीट घेतलं आणि बाजूला उभे राहिले. मग मी. माझा 'ब' सुरू झाला तसा आतला बाबू वैतागून म्हणाला, "कळलं हो, तुम्हालाही बदलापूर!" आणि त्याने तिकीट पुढे सरकवलं. सरांनी खिडकीतून हात घालून ते परत आत ढकललं. "थांबा. त्याचं अजून झालेलं नाही."

त्या दिवसापासून मी बदलापूरचं तिकीट काढतो.

सरांच्या तेराव्याला आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. फिटरकाकांनी बाईंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, अडखळत का होईना, सांगितलं, की सर आमच्यासारखे होते म्हणून आम्ही तरलो. बाई गोंधळल्या. "तुमच्यासारखे? अहो, हे बोलायला लागले की मला कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत. एका शब्दाला कधी अडले नाहीत."

खरवईहून सरांचे थोरले भाऊ आले होते. ते म्हणाले, "तू लग्नानंतरचं सांगतेस. लहानपणी हा अडला की आम्ही तिघं भावंडं मिळून त्याचं वाक्य पुरं करायचो."

"मग मला कसं दिसलं नाही?"

"लपवत असेल."

"सव्वीस वर्षं? माझ्यापासून?"

मी घरी आलो तो हेच डोक्यात घेऊन. सर घरी लपवत होते आणि फक्त आमच्यापुढे मोकळे होते? की लहानपणीच ते सगळं मागे पडलं होतं आणि आमच्यासाठी त्यांनी ते पुन्हा अंगावर घेतलं? रांगेतला तो घाम खरा होता, एवढं मी पाहिलं आहे. पण नाटक करतानाही घाम येत असेल. आणि ते आमच्यातले नसतील, तर गरज नसताना हसू झेलणारा माणूस मोठा की नाइलाजाने झेलणारा? सरांनी हे फळ्यावर दोन रकाने आखून सोडवलं असतं. मला पहिला रकानाही भरता येत नाही.

वर्ग आम्ही चालूच ठेवला. पुढच्या रविवारी तिथे उल्हासनगरहून एक मुलगी आली. टायपिस्ट होती. दारातच उभी राहिली. फार वेळ लागला तिला, पण तिने विचारलं, "ते सर… स्वतः अडखळायचे का? तसं असेल तर मी येते. ब-बरं बोलणाऱ्यांचे उपदेश मी पुष्कळ ऐकलेत."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फिटरकाका तर 'हो म्हण' अशी मान हलवत होते. 'हो' मला अडत नाही. पण जे ठाऊक नाही ते कसं सांगणार? मी 'माहीत नाही' म्हणायला गेलो आणि 'म'वर अडलो. 'ठाऊक नाही' सहज म्हणता आलं असतं. मी 'म' धरून ठेवला. बराच वेळ गेला. ती दारातून हलली नाही, आणि माझं वाक्यही तिने पुरं केलं नाही. माझं बोलून झाल्यावर ती आत येऊन फिटरकाकांशेजारी बसली.

सरांचं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही आता नऊ जण आहोत, आणि नऊही जण अडखळतो.