प्लग पांढरा होता

पन्नासच्या दशकात मी पुण्यातल्या एका शेटजींची शर्यतीची मोटार चालवत असे. एकदा चाकणजवळ ती वेगात आचके द्यायला लागली, म्हणून रस्त्याकडेच्या मेकॅनिककडे थांबलो. त्याचं नाव मला कधी कळलं नाही.

त्याने इंजिनातले ठिणगी पाडणारे प्लग काढून उन्हात धरले. टोकं चुन्यासारखी पांढरी होती. "हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन आतून भाजतंय," असं म्हणत त्याने कार्बुरेटरचा जेट बदलून पेट्रोल जास्त सोडणारा मोठा जेट बसवला. मग मला एक फेरी मारायला लावून पुन्हा प्लग पाहिले. ते आता विटकरी, म्हणजे हवे तसे, झाले होते.

"असं केल्यानं वेग कमी होईल ना?" मी विचारलं.

"व्हऊ द्या." तो बराच वेळ हात पुसत राहिला. "माझा धाकटा भाऊ शर्यतीत गाडी चालवायचा. आदल्या दिवशी प्लग असाच पांढरा दिसला मला. पन त्यो लय खुशीत व्हता. म्हनलं, शर्यत झाल्यावर सांगू."

पुढचं मी विचारलं नाही. भर वेगात पिस्टन वितळून इंजिन जाम झालं की काय होतं, हे मला ठाऊक होतं.

त्याने बॉनेट अलगद बंद केलं.

"सावकाश जावा, भाऊ," तो म्हणाला, आणि शेवटच्या शब्दावर अडखळला.