आमेनच्या अलीकडे

मयताचं गाणं मयताआधी शिकू नये, असं हंबीररावाला गावातल्या झाडून साऱ्या बायांनी सांगून पाहिलं होतं. पण ऐकेल तर तो हंबीरराव कसला! उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढलेला माणूस. एकदा शब्द दिला की याचं पाऊल मागे वळत नसे, आणि त्याच हट्टापायी आज मला त्याच्याबद्दल लिहायची वेळ आली आहे. रागानं लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

मी लियाकत. कडेगावच्या पुढे आमचं गाव. लग्नसराईत माझी बँड पार्टी, एरवी शिलाई मशीन. हंबीरराव माझा शाळेपासूनचा दोस्त. पलटणीच्या बँडमध्ये तो क्लॅरनेट वाजवायचा. निवृत्त होऊन उसाचं रान बघू लागला तरी वाजवायची खाज जाईना, म्हणून वरातीत हौसेनं माझ्या पोरांच्या रांगेत येऊन उभा राहायचा. मग एकदा छातीत कळ आली. सांगलीला नेलं, डॉक्टरांनी स्टेंट बसवला आणि सांगितलं, फुंकणं बंद. क्लॅरनेट पेटीत गेलं आणि हा गडी दिवसभर घरातल्या माणसांच्या चुका काढत बसू लागला. त्याची बायको रंगूबाई मला म्हणायची, "भाऊ, ह्यांस्नी कायतरी काम लावा, न्हाईतर मी माहेरी जाते."

काम लावलं ते बाप्तिस्त मास्तरांनी. मास्तर मूळचे गोव्याचे, पलटणीत हंबीररावाचे उस्ताद. बायको मिरजेच्या दवाखान्यात नर्स होती म्हणून तिकडेच घर केलेलं. बायको गेली, मूलबाळ नाही, वय नव्वदीला टेकलेलं. त्यांनी याला बोलावून घेतलं आणि फौजी हिंदीत हुकूम सोडला, "हंबीर, मेरी मिट्टी के वक्त आठ मर्द गाने चाहिए. लॅटिन में. जैसे हमारे गाँव में गाते थे." हा लगेच टाच जुळवून "जी उस्ताद" म्हणून मोकळा.

आठ गळे त्यानं गावातूनच गोळा केले. चार माजी सैनिक आणि तो स्वतः, साखर कारखान्यावरचा उंच गळ्याचा जयराज, भजनी मंडळातला अर्जुना आणि खर्जाला मी. लॅटिन म्हणजे काय, ते आमच्यापैकी कुणाच्या बापानं ऐकलं नव्हतं. हंबीररावानं फळ्यावर देवनागरीत शब्द लिहिले आणि अर्थ सांगितला: देवा, गेलेल्याला विसावा दे, त्याच्या वाटेवर उजेड पाड. शेवटी एकच शब्द, आमेन. तो माझ्या खर्जातून सुरू व्हायचा आणि एकेक गळा त्यावर चढत जायचा, असा लांबलचक. मी म्हटलं, "गड्या, हा शब्द तर आमच्या घरचाच हाय. रोज नमाजात म्हणतो की." अर्जुनाचा प्रश्न वेगळाच होता. ना टाळ, ना मृदंग, मग ह्यात ताल कुठाय? हंबीरराव म्हणाला, "ताल न्हाई रं. एकमेकाचा श्वास ऐकायचा आन् सुटायचं."

त्याच्या परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टर बाहेर काढून, म्हशींच्या धारा झाल्यावर आम्ही जमायचो. पहिल्याच दिवशी शेडमधून बाहेर पडलो तर रंगूबाई दारात पाण्याची कळशी आणि कडुलिंबाचा पाला घेऊन उभी. मसणातून आलेल्या माणसाला जसं करतात, तसं.

"आदी पाला चावा, पाय धुवा. मग चा."

आम्ही हसलो. मी म्हटलं, "वैनी, आवं मयत कुठाय?"

"त्येच म्हंते मी. मयत न्हाई आन् तुमी रडगाणं गाताय. रडणं असं मोकळं फिराय लागलं की त्ये मयत हुडकतंय."

तिचा पोरगा धैर्यशील लडाखकडे तैनातीला होता. दर रविवारी फोन यायचा आणि तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. म्हणून आम्ही पाला चावला. कडूजार तोंडानं चहा प्यायलो.

गाणं पहिल्यांदा आमेनपर्यंत पुरं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली बनाबाई गेली. मी म्हटलं, म्हातारी स्वतःची लुगडी वाटून बसली होती, तिला आमच्या गाण्याची काय गरज? सगळ्यांना पटलं. दुसऱ्यांदा पुरं झालं आणि अर्जुनाच्या थोरल्या भावाला उसात पाणी पाजताना साप चावला. धडधाकट माणूस. दवाखान्यात पोचायच्या आत संपला. त्या रविवारी धैर्यशीलचा फोनही आला नाही, पुढच्या रविवारीही नाही. रंगूबाई दिवसभर फोन ओच्यात धरून उंबऱ्यावर बसली होती आणि मला तिच्याकडे बघवेना. खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटली.

तेराव्यानंतर अर्जुना डोकं भादरलेल्या अवस्थेतच शेडमध्ये आला आणि आपल्या जागेवर उभा राहिला. म्हणाला, "दिला शब्द मोडत न्हाई. पर त्यो शेवटचा शब्द मी म्हणायचो न्हाई."

हंबीररावानं फडकं उचललं. मग त्यानं आमेन पुसून टाकला. "आमेनच्या अलीकडं थांबायचं. त्येवढं मास्तरच्या मातीला म्हणू. तिरडी कुणी आदी बांधून ठेवत न्हाई." मंगळवारी धैर्यशीलचा फोन आला, तिकडे बर्फानं लाइन बंद होती म्हणे. झालं, नियम पक्का झाला. पुढे महिनाभर आम्ही गायचो आणि शेवटाला येऊन, तोंडं उघडी तशीच ठेवून, गप व्हायचो. त्या गप्पपणाची मला गाण्यापेक्षा जास्त धास्ती वाटायची. घरी माझी बायको जरिना म्हणाली, "दुआ मांगके आमीन नै बोले तो वो दुआ कां जाती जी? लटकती ना बीच में?" मी तिला गप बस म्हटलं.

आणि मग मास्तरांचा फोन आला. मरायचं सोडून म्हातारा टवटवीत झाला होता. "मरने के बाद मैं थोड़ी सुनूँगा? एक बार पूरा सुना दो."

निघायच्या दिवशी जीप दारात उभी. रंगूबाई जीपच्या आडवी आली. माणसांदेखत नवऱ्याशी बोलायची तिची रीत नव्हती, त्या दिवशी बोलली. "आवं, पोरगं वर डोंगरात हाय. त्येवढा शेवटचा शब्द सोडा की. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

"त्यांला न्हाई कळणार तर कुणाला कळंल?" हंबीरराव म्हणाला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.

मिरजेत मास्तरांच्या घराशी पोचलो, तसं त्यानं आम्हाला कंपाउंडच्या भिंतीशी थांबवलं. "आमेनला तुमी सगळ्यांनी गप ऱ्हायचं. मी एकटा म्हणतो."

माझं टाळकंच सरकलं. "येडा झालास काय? आठ गळ्यांचं हाय त्ये. आन् केवढा लांब श्वास लागतो! तुझ्या छातीत स्प्रिंगा बसवल्यात."

"डॉक्टर फुंकू नको म्हणालाय. म्हणू नको कुठं म्हणालाय?" तो हसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लियाकत, लागायचं आसंल तर एकाला लागू दे रं. धैर्याला नको. तुमच्याबी पोराबाळांस्नी नको."

त्याच वेळी मी त्याची गचांडी धरून त्याला जीपमध्ये कोंबायला हवं होतं. पण आत मास्तर वाट बघत होते.

मास्तर उशांना टेकून बसले होते. अंगात इस्त्रीचा कोट, छातीवर मेडल. आम्ही पलंगाभोवती उभे राहिलो आणि सुटलो. इतकं चांगलं आम्ही कधी गायलो नव्हतो. जयराजचा उंच सूर असा लागला की अर्जुनाचे डोळे भरले. मग ती जागा आली. आम्ही सात जण थांबलो. हंबीररावानं माझ्या खर्जातली सुरुवात घेतली, मग चढला, एकेकाची जागा एकटाच घेत वर गेला. मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम, तरी सूर हलला नाही. मी त्याच्या छातीकडेच बघत होतो. संपला तेव्हा त्यानं पलंगाची कड धरली.

मास्तरांनी डोळे उघडले. "बाकी लोग क्यों चुप हो गये? आठ आदमी बोला था मैंने."

परत आलो तेव्हा रंगूबाई पाला घेऊन दारात होतीच. हंबीरराव हातपाय धुऊन आत गेला. तिनं मला विचारलं, "म्हटलंसा?"

"त्यानं एकट्यानं म्हटलं, वैनी. आमाला म्हणू दिलं न्हाई."

तिला सगळं कळलं. उरलेला पाला तिच्या मुठीतच राहिला.

त्याच महिन्यात एका दुपारी हंबीरराव उसाच्या बांधावर खोऱ्याला टेकून बसलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोरच होतं, कधी ना कधी व्हायचंच. मीही गावभर हेच सांगत फिरलो, चढ्या आवाजात. गाण्यानं माणूस मरत नाही. पण सांगताना माझी मलाच चीड येत होती, कारण समोरचा मान डोलवायचा आणि कुणाचाच विश्वास बसायचा नाही. माझाही.

धैर्यशील येईपर्यंत माती ठेवली होती. तो वर्दीतच आला, बापाच्या पायावर डोकं ठेवून रडला. अंगण माणसांनी भरलेलं. तिरडी उचलायच्या आधी बायांतून रंगूबाईचा निरोप आला, गडी उभे करा, म्हणू द्या.

आम्ही सात जण उभे राहिलो. त्याच्या जागेवर कुणी सरकलं नाही. एकमेकांचा श्वास ऐकला आणि सुटलो. ज्या म्हाताऱ्यासाठी गाणं बसवलं तो मिरजेत जिवंत, आणि बसवणारा आमच्यासमोर निजलेला. सवयीनं आमेनच्या अलीकडे आलो आणि सवयीनंच थांबलो. समोर धैर्यशील उभा होता. मी अर्जुनाकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून रंगूबाई उठून पुढे आली. तिचा आवाज रडून बसला होता, पण शब्द साऱ्या अंगणानं ऐकले.

"का थांबलासा? आता कुणाला भिताय? ज्यानं अंगावर घ्याचं, त्यानं घेतलं. त्येंचं अर्धं ठिवू नका. पुरं करा."

मी खर्ज लावला. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली, मग सूर आला. माझ्या सुरावर अर्जुना चढला, मग बाकीचे, शेवटी जयराज. मधली हंबीररावाची जागा रिकामी राहिली आणि ती रिकामी ऐकू येत होती. संपेपर्यंत रंगूबाई लेकाचा दंड घट्ट धरून उभी होती.

मसणातून परतताना धैर्यशील माझ्या शेजारून चालत होता. म्हणाला, "चाचा, आई असं का बोलली? बाबा हे गाणं कुणासाठी शिकत होते?"

"बाप्तिस्त मास्तरांसाठी," मी म्हणालो.

दारात कळशी होती, पाला होता, पण द्यायला रंगूबाई नव्हती. ती आत भिंतीशी बसली होती. मी पाला तोडला, आधी पोराच्या हातावर ठेवला, मग मी चावला.