वाळत घातलेली कामं

रविवारी माझ्या मोठ्या जाऊबाई, स्वातीताई, डोंबिवलीला आमच्याकडे आल्या. ओला रुमाल वाळत घालायला म्हणून गॅलरीत गेल्या त्या तिथेच उभ्या राहिल्या... कारण दोरीवर माझं अख्खं ऑफिस लटकत होतं.

थांबा, आधीचं सांगते. नाहीतर मी नेहमीसारखी मधूनच सुरू करते आणि कोणाला काही कळत नाही.

मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, हे गेल्या वर्षी कळलं. त्यानंतर वागळे इस्टेटमधली गजबजाटाची नोकरी सोडली आणि एका प्रकाशनाचं घरून करायचं काम धरलं... शाळेच्या गाइडची प्रुफं तपासायची. अजून प्रोबेशनवर आहे. ही नोकरी गेली तर घरून काम करणं मला झेपत नाही यावर शिक्काच बसणार होता, माझ्या स्वतःच्या मनात तरी.

तर दिवाळीनंतर आम्ही माजिवड्याला स्वातीताईंकडे गेलेलो. तिथे मी त्यांचं टेबल बघितलं. पांढरंशुभ्र, वर एक लॅपटॉप आणि एक टवटवीत झाड... बास. एक पेनसुद्धा इकडचं तिकडे नाही.

खरं सांगते, पोटात दुखलं माझ्या. म्हटलं हिला सगळंच कसं जमतं? घर, नोकरी, वर झाडसुद्धा जगतं हिच्याकडे! येताना रिक्षात मी गप्प होते तर नवऱ्याने, मंदारने, विचारलं काय झालं. ॲसिडिटी म्हणून सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात तस्संच टेबल घेतलं, ड्रॉवरवालं. सगळे कागद आत कोंबले, वर लॅपटॉप ठेवला, आणि शेजारणीकडून उसनी कुंडी आणून फोटो टाकला. बदाम काय, कमेंट काय... स्वातीताईंनीही लिहिलं, ‘आवरलेलं किती छान दिसतं गं.’

आवर हा शब्द मी जन्मभर ऐकत आलेय. दप्तर आवर, खोली आवर, बडबड आवर, स्वतःला आवर. त्या दिवशी वाटलं, चला, आवरलं बाई एकदाचं.

पण माझ्या डोक्याची एक खोड आहे. जे डोळ्यांसमोर नाही, ते माझ्यासाठी जगातच नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं की कामं दिसतील अशी ठेवा... पण मला डॉक्टरांचं ऐकायचं नव्हतं, मला जावेचं टेबल हवं होतं.

ड्रॉवर बंद झाला आणि आठवीच्या विज्ञानाची प्रुफं त्यात बेपत्ता झाली. ऑफिसमधून मॅडमचा फोन आला तेव्हा आठवलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, “मानसी, परत असं झालं तर मला वर सांगावं लागेल.”

बाथरूममध्ये जाऊन रडले. मग घाईघाईत प्रुफं काढली, आणि काढताना कपभर चहा त्यांच्यावर सांडला. आता काय करणार... एकेक पान टिपून गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं.

आणि गंमत म्हणजे, खुर्चीत बसल्याबसल्या सगळी पानं दिसत होती. किती झालं, किती उरलंय, काही आठवायलाच लागत नव्हतं. पान वाळलं की काढायचं, तपासायचं, पुढचं घ्यायचं. संध्याकाळपर्यंत सगळं काम पाठवून मोकळी झाले.

तेव्हापासून तसंच चाललंय. टेबल गॅलरीच्या दारात ओढलं, आजची कामं डावीकडे, नंतरची उजवीकडे, लाल चिमटा म्हणजे अर्जंट. मंदारचे शर्ट आता बेडरूममध्ये दाराच्या मागे वाळतात, त्याबद्दल तो रोज कुरकुरतो. पण संध्याकाळी आल्यावर “वाळलं का सगळं?” असं विचारतोही.

म्हणून रविवारी स्वातीताई येणार म्हटल्यावर माझा जीव वरखाली. दोरी उतरवली तर सोमवारचं काम हातचं जाणार, नाही उतरवली तर यांच्यासमोर लाज जाणार. दोनदा चिमट्याला हात लावला... आणि सोडून दिला. जाऊ दे म्हटलं लाज.

स्वातीताई दोरीकडे बघत राहिल्या, तशी मी उगाच काहीबाही सांगत सुटले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“मानसी, माझ्या त्या टेबलावर मी कधी बसतच नाही गं. पसारा होईल म्हणून बेडवर बसून काम करते, पाठ मोडलीय माझी.” मग म्हणाल्या, “तुझा फोटो बघून इतकी जळलेले मी... म्हटलं, हिला असल्या टेबलावर बसून कामही करता येतं!”

म्हणजे मी यांच्यावर जळत होते आणि या माझ्यावर, आणि ज्याच्यावरून जळत होतो त्या आवरलेल्या टेबलावर दोघींपैकी कोणाचंच काम होत नव्हतं! आम्ही दोघी हसत सुटलो तर मंदार आतून बघायला आला. जाताना मी त्यांना मूठभर चिमटे बांधून दिले, पापडाच्या पिशवीत.

सोमवारचं काम वेळेत गेलं. मॅडमचा रिप्लाय आला, ‘थँक यू मानसी, पुढचा सेटही तुलाच देते.’ त्याची प्रिंट काढून दोरीवर लावलीय, ती मात्र काढणार नाही.

जे लोक वर्षानुवर्षं ‘आवर, आवर’ ऐकत आलेत, त्यांच्यासाठी लिहिलं हे. लटकवा खुशाल. आणि ताई, तुम्ही त्या दिवशी खरं बोललात त्याबद्दल मनापासून थँक्स.

आज सकाळी त्यांनी फोटो पाठवला. सोसायटीत गॅलरीत काही वाळत घालायला बंदी, म्हणून बेडरूममध्येच दोरी बांधलीय... सरळ, ताठ, कागद एका मापाचे. माझे रंगीबेरंगी चिमटे बाजूला ठेवून सगळे पांढरे आणलेत.

पोटात परत दुखायला लागलंय.