मास्टर सिलेंडरवरचा हात

लष्करातली माझी शेवटची पोस्टिंग लडाखमध्ये होती. मी हवालदार, गाड्यांचा मेकॅनिक. सकाळी सहाला फर्स्ट परेड. गाडी बाहेर काढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने बॉनेट उघडायचं, मी दाखवीन त्या पार्टवर हात ठेवायचा, त्याचं नाव आणि काम सांगायचं. मग मी रजिस्टरमध्ये ओके लिहायचो.

आता मी आळेफाट्याला एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये शिकवतो आणि तिथे रोज माझं डोकं फिरतं. बॉनेट उघडलं की सगळे मोबाइलवर फोटो काढतात. रेडिएटर, बॅटरी, अल्टरनेटर, पाढे म्हणावेत तशी नावं म्हणतात. अल्टरनेटर करतो काय, विचारलं की खाली बघतात. परवा शिकायला आलेले एक पावणे म्हणाले, "सर, लई खोलात नका जाऊ. गाडी बंद पडली तर गॅरेजवाला हाय की."

"आणि थांबलीच नाही तर?"

ते हसले. पालथ्या घड्यावर पाणी. मला संताप येतो, पण तो पुरता त्यांच्यावर काढता येत नाही. हीच पोपटपंची मी एकदा स्वतः पास केली आहे.

त्या ड्रायव्हरांतला नायक दत्ता लोणीचा. माझं गाव त्याच तालुक्यातलं कळंब. त्यामुळे परेडवर मी 'उस्ताद' आणि चहाला 'भाऊ'. गाडीवर त्याचा हात पक्का होता, बर्फातसुद्धा. पार्टची नावं घडाघडा यायची.

त्या सोमवारी मी मास्टर सिलेंडर दाखवला. दत्ताने हात ठेवला.

"मास्टर सिलेंडर, उस्ताद."

"काम?"

"ब्रेक लावतो."

कसा लावतो, हे मी विचारलं नाही. मागे नऊ गाड्या उभ्या होत्या आणि थंडीने बोटं वळत नव्हती. वरच्या डब्यातलं ब्रेक ऑइल खुणेच्या खाली गेलं होतं. त्याने बाटली मागितली, मी दिली. बुधवारी पुन्हा दिली. शुक्रवारी म्हणालो, "परत?"

"आपल्याकडं पिकअपला आमी असंच करतो, भाऊ. कमी झालं की टाकायचं."

खरं होतं. आमच्या भागात सगळे तेच करतात. मी हसलो, तिसरी बाटली दिली आणि ओके लिहिलं.

ब्रेक ऑइल बंद नळ्यांत असतं. पेडल दाबलं की मास्टर सिलेंडर ते चाकांकडे ढकलतो आणि त्या जोराने ब्रेक लागतात. ते जळत नाही, आटत नाही. आठवड्यात तीनदा भरावं लागलं तर ते कुठेतरी गळतंय. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

त्याच दिवशी सव्वाअकराला दत्ता रेशन घेऊन उतारावर होता. मागे दोन जवान बसले होते. रेडिओ वाजला.

"ब्रेक नहीं लग रहा, ओव्हर."

"गियर डाऊन कर. हँडब्रेक खींच. ओव्हर," मी म्हणालो.

"किया. नहीं रुक रही." मग थोड्या वेळाने, "पहाड़ की तरफ ले रहा हूँ."

त्यानंतर 'ओव्हर' आलं नाही.

डावीकडे दरी होती. डोंगर उजव्या हाताला होता, आणि ड्रायव्हरही उजवीकडेच बसतो. मागचे दोघे वाचले. एकाचा हात मोडला.

संध्याकाळी मी मागच्या चाकाचा ड्रम उघडला. आत ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलेंडरचं रबर फाटलं होतं. ऑइल ड्रममध्येच उतरत होतं, म्हणून जमिनीवर थेंब दिसला नव्हता. चाकाच्या आतल्या बाजूने हात फिरवला असता तर ओल लागली असती. दोन मिनिटांचं काम. चौकशीत मी तिन्ही बाटल्या सांगितल्या. शिक्षा झाली. मला ती कमी वाटली.

रिटायर झाल्यावर लोणीला गेलो. दत्ताचे वडील, अण्णा, ओट्यावर बसले होते. म्हणाले, "ब्रेक फेल झालं, येवढंच कळालं आमाला. म्हंजी झालं काय?"

मी माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. त्यांचा हात मास्टर सिलेंडरवर ठेवला आणि पेडलपासून चाकापर्यंत सगळं सांगितलं. बाटल्यांचंही सांगितलं. अण्णांनी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला.

"तेल कमी व्हत व्हतं म्हणता. मग जात व्हतं कुठं?"

मी मागच्या चाकाकडे बोट दाखवलं.

"कुणी इचारलं न्हाई?"

"नाही, अण्णा. मी विचारायला हवं होतं."

त्यांनी हात बराच वेळ तिथून काढला नाही.

क्लासला नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी त्याचं नाव सांगतो. नायक दत्ता, लोणी, तालुका आंबेगाव. मग तीन बाटल्यांचं सांगून अण्णांचा प्रश्न विचारतो, "तेल जात व्हतं कुठं?" आणि उत्तर येईपर्यंत बॉनेट लावत नाही. काल ते सव्वा तास उघडं होतं.